एकदाच उघडणारा लखोटा

लखोटेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण ऑफिसात नव्याने आलेलं प्रत्येक माणूस पहिले चार महिने तसंच समजायचं. एका तरुण वकिलाने तर त्यांच्या सुट्टीच्या मंजुरीवर 'श्रीमती लखोटे' असं छापून आणलं. बाईंनी तो कागद शेरा मारून परत पाठवला: 'या नावाचं इथे कुणी नाही.' आणि मंजूर झालेली सुट्टीही घेतली नाही. दुसऱ्याच कुणाच्या नावाची सुट्टी आपण कशी घ्यायची?

घरातून जीव मुठीत धरून निघालेल्या बायकांना आसरा देणारी आणि त्यांच्यासाठी कोर्टात उभी राहणारी ती संस्था. चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. दारावर नुसतं 'सल्ला केंद्र' एवढंच लिहिलेलं. आसऱ्याचं घर निराळं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याचा पत्ता ऑफिसातल्या कुठल्याही भिंतीवर किंवा वहीत नाही. तो तिघींच्या डोक्यात असायचा. त्या तिघींतल्या एक लखोटेबाई, कारण आवक-जावक त्यांच्याकडे होती आणि कोर्टात जाणारे बंद लखोटे त्यांच्या हातून जायचे.

बावीस वर्षं हेच काम. पहिल्याच महिन्यात एक पान टेबलाखाली पडून राहिलं, लखोटा त्याच्याशिवाय गेला आणि एका बाईची तारीख तीन महिने पुढे ढकलली गेली. तेव्हा त्यांनी कानाला खडा लावला. कागद मोजायचे, लखोट्यात घालायचे, मग सगळे बाहेर काढून पुन्हा मोजायचे, परत घालायचे आणि तेव्हाच लाख लावायची. घाई असली तरी असंच, आणि कुणी डोक्यावर उभं राहिलं तर जरा जास्तच सावकाश. दुसरा नियम असा की लखोट्यांची पेटी आणि तिची किल्ली एका हातात द्यायची नाही. कुलूपबंद पेटी घेऊन एक माणूस जाणार, किल्ली घेऊन दुसरा, दुसऱ्या बसने. "दोघांना एकाच वेळी लुबाडायला चोराला दोन डोकी लागतील," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे यजमान निवृत्त बसचालक. अखंड बोलणारा माणूस. गल्लीत कुणाच्या घरी कुठली भाजी शिजली ते त्यांना शिजायच्या आधी ठाऊक. पण बायको बावीस वर्षं नेमकं काय काम करते हे काही त्यांना सांगता यायचं नाही. "पोस्टाचंच काहीतरी आहे," असं ते लोकांना सांगत. एकदा लाडात येऊन त्यांनी विचारलंच, "अगं, मला तरी सांग. मी कुणाला सांगणार आहे?" त्यावर बाई इतक्या हसल्या की हातातली बशी ठेवावी लागली.

मग कोर्टाने कागद घेणं बंद केलं. म्हणजे अगदी बंद नाही, पण यापुढे गावोगावच्या कोर्टांत कागदपत्रं इंटरनेटवरच्या एका अॅप्लिकेशनमधून पाठवायची असं ठरलं. फाईल वर चढवायची, तिची एक लिंक तयार होते, ती समोरच्याला मेलने पाठवायची, आणि उघडायला पासवर्ड. हे सगळं बसवायला एक मुलगी आली. अंगाने अशी की वारा आला तर खिडकी लावावी लागेल. तिला सगळे बारकी म्हणू लागले.

लखोटेबाईंनी लाखेच्या कांड्या खणात ठेवल्या, खणाला कुलूप लावलं आणि आठवडाभर बारकीशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. आठव्या दिवशी त्या तिच्यामागे उभ्या राहून बघत होत्या. बारकीने एका मेलमध्ये लिंक टाकली आणि त्याच मेलमध्ये खाली पासवर्ड लिहिला.

"थांब," बाई म्हणाल्या. "हे काय केलंस?"

"पासवर्ड दिला, मावशी. नाहीतर उघडणार कसं त्यांना?"

"म्हणजे कुलूप लावलं आणि किल्ली त्यालाच बांधून दिली. मग कुलूप लावलंस तरी कशाला? नुसतं दार लोटून घ्यायचं!"

 बारकी चार वर्षं शिकून आलेली पोरगी. हे तिलाही शिकवलेलं होतं, पण कामाच्या रगाड्यात विसरलेली. त्या दिवसापासून लिंक मेलने आणि पासवर्ड फोनवर तोंडी, तोही आपण लावलेल्या फोनवर, बाईंच्या जुन्या वहीतल्या नंबरावर. समोरून फोन आला आणि कुणी गोड आवाजात पासवर्ड मागितला तर बाई म्हणत, "ठेवा, मी करते," आणि फोन आपटत. दोनदा तर कोर्टातल्या खऱ्याच साहेबांवर आपटला. पण त्या दिवसापासून त्यांना हे यंत्र आपल्याच जातीचं वाटू लागलं. लिंक म्हणजे लखोटा, पासवर्ड म्हणजे किल्ली. "पळसाला पानं तीनच," त्या बारकीला म्हणाल्या, आणि खणातून लाखेची एक कांडी काढून तिला आठवण म्हणून दिली.

आता त्या मंगळवारचं.

त्या बाईला आपण मुलीची आई म्हणू, कारण ऑफिसातही तिचं नाव मोठ्याने कुणी घेत नसे. तिचा नवरा इंटरनेटच्या लाइनी टाकायचा. माणूस हुशार, पण हुशारी सगळी बायकोला शोधण्यात घालवणारा. दोनदा त्याने तिला शोधलं होतं. एकदा शाळेच्या दाखल्यावरून, एकदा तिच्या जुन्या मेलवरून, ज्याचा पासवर्ड त्याला पाठ होता. दोन्ही वेळा ती एका पिशवीनिशी मुलीला घेऊन निघाली. दुसऱ्या वेळेनंतर आठ वर्षांची ती मुलगी बोलेनाशीच झाली. मानेने हो, मानेने नाही, बस्स. या तिसऱ्या जागी त्या दोघींना चार महिने झाले होते. आई आसऱ्याच्या घरातल्या शिवणखोलीत काम करायची, मुलगी जवळच्या शाळेत जायची. आणि गेल्याच पंधरवड्यात वर्गशिक्षिकेने लिहून दिलं होतं: 'वर्गात फार बडबड करते, समज द्यावी.' ती तक्रार ऑफिसात बक्षीस मिळाल्यासारखी वाचली गेली. संस्थेच्या मुख्य वकीलबाई, ज्यांच्या नाकावर एरवी माशी बसत नाही, त्यांनी स्वतः बाहेर जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मुलगी कुणाकडे राहणार याची सुनावणी बुधवारी होती, दुसऱ्या गावच्या कोर्टात. मंगळवारी चारच्या आत तिथल्या अधिकाऱ्यांकडे एकोणीस पानांची फाईल पोचायला हवी होती, फक्त न्यायाधीशांनी बघायची. आईचा जबाब, डॉक्टरांचा दाखला आणि शाळेचं ते पत्र, ज्यावर शाळेचा पत्ता होता. म्हणजे ही फाईल ज्याच्या हाती लागेल त्याला मुलगी कुठल्या दारातून किती वाजता बाहेर पडते हे शोधायला अर्धा दिवस पुरे.

म्हणूनच सोमवारी संध्याकाळी जाता जाता बारकीने अॅप्लिकेशनमध्ये एक जादा बंदोबस्त केला. लिंक एकदाच उघडेल. एकदा उघडून फाईल उतरवून घेतली की ती लिंक बाद. दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तरी उपयोग शून्य. बंदोबस्त उत्तम. फक्त तो लखोटेबाईंना सांगायचा राहून गेला, कारण मंगळवारी सकाळी बारकी दंतवैद्याकडे तोंड उघडून बसली होती.

बाईंनी अकरा वाजता काम घेतलं. फाईल चढवली. लिंक आली. पासवर्ड त्यांनी मनातल्या मनात बनवला, कागदावर नाही. लिंक मेलने गेली, अधिकाऱ्यांना फोन लावून पासवर्ड तोंडी सांगितला, त्यांच्याकडून परत म्हणून घेतला. साहेब म्हणाले, "आता बैठकीत आहे, जेवणानंतर उघडतो." छान. झालं काम.

पण जित्याची खोड. घातलेलं एकदा काढून बघितल्याशिवाय त्यांचा हात सुटत नसे. त्या बाहेरच्या खोलीतल्या मोकळ्या संगणकावर बसल्या, पाठवलेली लिंक तिथे उघडली, पासवर्ड टाकला, फाईल उतरवली आणि एकेक पान मोजलं. एकोणीस. शाळेच्या पत्रापाशी त्या जरा थांबल्या, पुन्हा एकदा 'फार बडबड करते' वाचलं आणि स्वतःशीच हसल्या. मग ती प्रत पुसून टाकली, कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसली, खुर्ची जागेवर सरकवली आणि डबा उघडला.

दीड वाजता कोर्टातून फोन आला. अधिकारी म्हणत होते, "अहो, तुमची लिंक उघडतच नाही. 'ही लिंक वापरून झाली आहे' असं येतंय."

फोन बारकीने घेतला होता. एक गाल सुजलेला, शब्द तोंडातल्या तोंडात. तिने अॅप्लिकेशनमधली नोंद काढली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. कुणी उघडली हे त्यात दिसत नसे, कधी उघडली तेवढंच दिसे. "अकरा वाजून सोळा मिनिटं," ती वकीलबाईंना म्हणाली. "फाईल कुणीतरी उतरवून घेतलीय. साहेब तेव्हा बैठकीत होते. वकीलबाई, पासवर्डसकट कुणीतरी उघडलीय!"

"एकदाच उघडते म्हणालीस ना तू?"

"हो. म्हणून तर कळलं. ज्याने उघडली तो दुसराच आहे."

वकीलबाईंनी पुढचं वाक्य बोलायला वेळ घेतला नाही. "तो लाइनीच टाकतो. त्याला काय अवघड आहे? तू कसली यंत्रणा बसवलीस, मुली?" आणि त्या फोनकडे वळल्या.

लखोटेबाई दोन टेबलं सोडून बसल्या होत्या. 'एकदाच' हा शब्द कानावर पडला तेव्हाच त्यांना सगळं उमगलं. अकरा सोळा. त्या वेळी ती फाईल कुणाच्या डोळ्यांसमोर होती, शाळेचं पत्र वाचून कोण हसत होतं, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

आणि ते माणूस मूग गिळून बसलं. सांगायला आवडतं म्हणून सांगते आहे असं नाही, पण झालं ते असंच. पहिल्या महिन्यातलं ते पान सोडलं तर बावीस वर्षांत ज्यांच्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नाही, ज्या दुसऱ्यांना 'किल्ली त्यालाच बांधलीस' म्हणून सुनावत आल्या, त्यांनी उठायचं आणि सांगायचं की लाख लावलेला लखोटा मीच फोडला?  त्या उठून पाणी प्यायल्या. परत येऊन बसल्या. बारकीचे डोळे भरले होते आणि सुजलेल्या गालावरून पाणी वाकडं वाहत होतं. बाईंना ते दिसत होतं, आणि तरीही त्यांनी ब्र काढला नाही.

आसऱ्याच्या घरचा फोन लागला. वकीलबाई तिथल्या गृहमातेशी बोलत होत्या: "तिला पिशवी भरायला सांगा. गाडी तासाभरात पाठवते. आणि कुणीतरी शाळेत जाऊन मुलीला वर्गातून घेऊन या. हो, आत्ताच. वर्ग चालू असला तरी."

वर्ग चालू असला तरी. लखोटेबाई उभ्या राहिल्या. खुर्ची मागे पडली ती त्यांनी उचलली नाही.

"मी उघडली," त्या म्हणाल्या. "फोन ठेवा. शाळेत कुणाला पाठवू नका. अकरा सोळाला मी उघडली, बाहेरच्या संगणकावर. पानं मोजायला."

वकीलबाईंनी रिसीव्हर छातीशी धरला. "काय?"

"घातलेलं काढून बघते ना मी. तसंच बघितलं. एकदाच उघडते हे मला माहीत नव्हतं, पण लाख लावल्यावर लखोटा फोडून बघणारी मी कोण शहाणी! बारकीची काही चूक नाही. आणि हे कळल्यावर सात मिनिटं मी गप्प बसले. तेही लिहून ठेवा."

वकीलबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फोनमध्ये म्हणाल्या, "थांबवा सगळं. गाडी नाही, शाळा नाही. थोड्या वेळाने सांगते." आणि ठेवला. 

"सात मिनिटं," त्या म्हणाल्या.

"हो."

"रागवायला मला उद्या वेळ आहे, मावशी. आज चारच्या आत फाईल जायला हवी."

बाई दुसरी लिंक करायला बसल्या. बारकीने खुर्ची शेजारी ओढली. "मावशी, आता पाठवल्यावर तपासायचं नाही हं."

"मग मला कळणार कसं?"

"चढवायच्या आधी फाईल उघडा. हवी तितक्या वेळा मोजा. तुमचा नियम तोच तर आहे. लाखेच्या आधी."

 बावीस वर्षांचा स्वतःचा नियम बाईंना एका सुजलेल्या गालाच्या पोरीने समजावून सांगितला होता, आणि तोही बरोबर. त्यांनी फाईल उघडली, पानं मोजली, बंद केली, पुन्हा उघडून मोजली. मग चढवली. नवा पासवर्ड, फोनवर तोंडी, साहेबांकडून परत म्हणून घेतला. दोन बावन्नला नोंद आली: उघडली, उतरवली. साहेबांचा फोनही आला, "एकोणीस पानं मिळाली." दुसऱ्या दिवशीच्या सुनावणीचंही इथेच सांगून टाकू: न्यायाधीशांनी ती एकोणीस पानं वाचली आणि मुलगी आईकडेच राहील असं ठरवलं.

पण मंगळवार अजून संपला नव्हता. तीन वाजता मुलीच्या आईचाच फोन आला. गृहमातेने 'फाईल कुणीतरी उघडलीय, पिशवी भर' म्हणून सांगितलं, मग 'थांब' म्हणून सांगितलं, आणि मध्ये काय झालं ते कुणीच बोलेना. "मला खरं सांगा," ती म्हणत होती, आवाज इतका चढलेला की टेबलापलीकडे ऐकू येत होता. "कुणी उघडली फाईल? त्याला कळलंय का?"

वकीलबाईंनी सुरुवात केली, "काही नाही, जरा तांत्रिक..."

लखोटेबाईंनी हात पुढे केला. वकीलबाई क्षणभर घुटमळल्या, मग रिसीव्हर दिला.

"मी आवक-जावकवाली मावशी बोलतेय. फाईल मी उघडली. नीट गेलीय का बघायला, सवयीने. उघडल्यामुळे ती लिंक बाद झाली आणि सगळ्यांना वाटलं की बाहेरच्या कुणीतरी उघडली. तुमच्या नवऱ्याला काहीही कळलेलं नाही. तुम्ही काही केलं नाहीत. चूक माझी."

 बाईंना वाटलं, आता ती फाडफाड बोलणार. बोलायलाच हवं तिने. आपण ऐकून घ्यायचं.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"शेवटचं."

"चूक माझी," बाई म्हणाल्या.

पलीकडून जो आवाज आला तो रडण्याचा की हसण्याचा, हे बाईंना कळेना. बहुधा दोन्ही होतं. "मावशी, मी अकरा वर्षं संसार केला. दूध उतू गेलं तर माझी चूक. दिवे गेले तर माझी चूक. त्याचा हात दुखला तरी माझी चूक, मी तोंड मध्ये आणलं म्हणून. आत्ताही पिशवी भरताना मी तेच शोधत होते. कुणाशी बोलले, कुठे सही केली, माझं काय चुकलं म्हणून त्याला कळलं. शिवणखोलीतल्या बायकांची माफीसुद्धा मागून झाली माझी." ती थांबली. "समोरचं माणूस असं म्हणतं, हे मला माहीतच नव्हतं."

 लखोटेबाईंना खूप बोलायचं होतं, पण जे आलं ते एवढंच: "म्हणतात हो. म्हणायला सात मिनिटं लागली मला."

"लागू देत," ती म्हणाली. मग एकदम घाईत, "ठेवते मी. साडेतीनला शाळा सुटते. ती यायच्या आत पिशवी रिकामी करायची आहे. भरलेली दिसली की ती काही विचारत नाही, गप्प होते."

पावणेचारला मुलगी आली. दारातच तिने सांगायला सुरुवात केली की शेजारच्या बाकावरच्या मुलीने खोडरबर गिळलं, बाई धावत आल्या, आणि ते गिळलंच नव्हतं, खिशात होतं. ती हात धुवेपर्यंत बोलत होती, जेवताना बोलत होती. तिचे कपडे खालच्या खणात होते, जसे सकाळी होते तसेच.